जीपगाडीचा दुसरा जन्म

जीप हा शब्द मराठीनें नेमका केव्हां आपलासा केला हें सांगणें कठीण आहे. तहशीलदाराची जीप, कारखान्याच्या ऊंस-अधिकाऱ्याची जीप, निवडणुकींत कर्णा लावून फिरणारी जीप, एस. टी. चुकली म्हणजे दहाबारा माणसें पोटांत घेऊन घाट चढणारी जीप, अशीं तिचीं अनेक रूपें महाराष्ट्रांतील दोनतीन पिढ्यांच्या परिचयाचीं आहेत. परंतु ही गाडी मूळची सरकारी कामाची नव्हे, शेतीची नव्हे, आणि हौसेची तर मुळींच नव्हे. ती युद्धाचें अपत्य आहे. ती कोणत्या घाईंत जन्मास आली, कोणत्या कामीं खपली आणि युद्ध संपल्यावर कोणाकोणाच्या दारीं गेली, हें ध्यानांत घेतल्यावांचून जुन्या सैनिकी गाड्या पूर्ववत् करून मेळ्यांत मांडण्याच्या छंदाचें मर्म कळत नाहीं.

हा छंद युरोपांत व अमेरिकेंत चांगलाच रुजला आहे. शनिवार-रविवार साधून एखाद्या मोठ्या मैदानावर दुसऱ्या महायुद्धांतील ट्रक, जीपगाड्या, मोटारसायकली आणि क्वचित् रणगाडेहि आणले जातात. शेजारीं त्या काळचे तंबू, मुदपाकखाना, बिनतारी संदेशयंत्रें आणि शुश्रूषेचीं ठाणीं उभारतात. मालक मंडळी त्या काळचा पोषाख करून प्रत्येक वस्तूचा उपयोग पाहुण्यांना प्रत्यक्ष दाखवितात. यालाच तिकडे 'जिवंत इतिहास' असें नांव आहे. इंग्लंडच्या केंट परगण्यांत १९८२ सालीं सुरू झालेला 'वॉर अँड पीस' मेळा अशा मेळ्यांत फार नांवाजला गेला. फ्रान्समध्यें नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर ६ जून १९४४ रोजीं दोस्त सैन्यें उतरलीं, त्याच्या स्मरणार्थ दर वर्षीं जून महिन्यांत जुन्या जीपगाड्यांच्या रांगा त्याच वाळूवरून जातात. आपल्या देशांत कोहिमा येथें, जेथें १९४४ सालीं जपानी सैन्याची आगेकूच अडविली गेली, तेथें डिसेंबरांतील हॉर्नबिल महोत्सवाच्या वेळीं जुन्या मोटारींच्या फेऱ्या निघतात.

नाशिकचा या विषयाशीं संबंध जुना आणि निकटचा आहे. जवळची देवळाली ही एकोणिसाव्या शतकापासूनची लष्करी छावणी. तोफखान्याचें विद्यालय तेथें आहे. नाशिकरोड छावणींत तोफखान्याचें केंद्र आणि संग्रहालय आहे. आणि ज्या महिंद्र कंपनीनें जीप भारतांत गांवोगांव पोंचविली, तिचा मोठा कारखाना १९८१ सालापासून नाशिकांत चालूं आहे. शेजारच्या जिल्ह्यांत, अहिल्यानगर म्हणजे पूर्वींच्या अहमदनगर येथें, १९९४ सालीं स्थापन झालेलें रणगाड्यांचें संग्रहालय आहे. रोल्स-रॉईसची चिलखती मोटार, महायुद्धांतील ब्रिटिश व जपानी रणगाडे तेथें पाहावयास मिळतात. मात्र तेथील यंत्रें स्तब्ध उभीं आहेत, आणि मेळ्यांतील गाडी आपल्या पायांनीं चालत येते. हा भेद लहान नाहीं. स्तब्ध यंत्र पाहून त्याचा आकार कळतो; चालतें यंत्र पाहून तें चालविणाराचे श्रम कळतात. तेव्हां नाशिकनें उद्यां असा मेळा भरवावयाचा ठरविलें, तर त्यांत काय दाखवावें आणि कसें दाखवावें, हा प्रश्न केवळ हौशी मंडळींचा राहत नाहीं.

प्रथम या गाडीचा जन्म पाहूं. १९४० च्या जुलै महिन्यांत अमेरिकन सैन्यानें १३५ कारखानदारांना पत्रें धाडलीं. मागणी अशी होती कीं, चारी चाकांना गति मिळणारी, लहान, हलकी आणि शत्रूच्या नजरेस सहज न येणारी टेहळणीची गाडी हवी. आणि तिचा नमुना ४९ दिवसांच्या आंत हवा. बहुतेक कारखानदारांनीं उत्तरहि दिलें नाहीं. अमेरिकन बँटम नांवाच्या, डबघाईस आलेल्या एका लहान कंपनीनें कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याकडून अवघ्या कांहीं दिवसांत आराखडे करवून घेतले आणि २३ सप्टेंबर १९४० रोजीं गाडी सैन्याच्या हवालीं केली. परंतु बँटमपाशीं मोठ्या प्रमाणावर गाड्या काढण्याची ऐपत नव्हती. अखेर विलिस-ओव्हरलँड कंपनीचा नमुना प्रमाण मानण्यांत आला व तोच फोर्ड कंपनीनेंहि बनवावा असें ठरलें. युद्ध संपेपर्यंत या दोन कंपन्यांनीं मिळून सहा लाखांहून अधिक गाड्या बनविल्या. ज्या कंपनीनें पहिली गाडी केली, तिच्या वांट्यास त्यांतील फार थोड्या आल्या.

चार सिलिंडरांचें साठ अश्वशक्तीचें इंजिन, तीन गिअर, चढावासाठीं व चिखलासाठीं निराळी खालची गति, दारें नाहींत, पुढची कांच बॉनेटवर पाडतां येते, डाव्या अंगाला फावडें आणि कुऱ्हाड बांधलेली, पेट्रोलची टाकी थेट चालकाच्या बैठकीखालीं. आराम हा विचार या रचनेंत कोठेंहि नाहीं. परंतु तिनें केलेलीं कामें पाहिलीं म्हणजे मन थक्क होतें. ती टेहळणीस गेली, तिनें तोफा ओढल्या, तारा टाकल्या, आणि तिच्यावर स्ट्रेचर बांधून जखमी माणसें आणलीं. ब्रह्मदेशांत १९४४ सालीं इंजिनांची वाण पडली, तेव्हां तिचीं रबरी चाकें काढून रुळांवर चालणारीं लोखंडी चाकें बसविलीं आणि तिच्याकडून आगगाडीचे डबे ओढवून घेतले.

युद्ध संपलें आणि या गाड्यांचें काय करावयाचें हा प्रश्न उभा राहिला. पूर्वेकडील आघाडीसाठीं आलेला अमेरिकन सैन्याचा पुष्कळसा माल परत नेण्यापेक्षां येथेंच सोडणें सोयीचें होतें. १९४६ सालीं तो हिंदुस्थान सरकारकडे आला आणि पुढें लिलावांतून लोकांच्या हातीं गेला. 'डिस्पोजलचा माल' हा शब्द तेव्हांपासून बाजारांत रूढ झाला. अंगावरचा कोट, पाण्याची बाटली, ताडपत्री, अवजारांची पेटी, जीप आणि ट्रक, सर्व कांहीं डिस्पोजलचें. कॅनडांत बनलेले फोर्ड व शेव्हरोलेचे बसक्या तोंडाचे ट्रक असेच नागरी कामाला जुंपले गेले. त्याच कॅनेडियन चासीवर आपल्या देशांतील रेल्वेच्या कारखान्यांत टाटांच्या पोलादाचें चिलखत चढवून 'टाटानगर' नांवाच्या चिलखती गाड्याहि युद्धकाळांत तयार झाल्या होत्या. महायुद्धाचें यंत्रबळ म्हणजे सर्वस्वीं परदेशी यंत्रबळ, अशी जी समजूत असते, ती या एका उदाहरणानें ढिली पडते.

जुनी सैनिकी गाडी दिसते तशी असतेच असें नाहीं, याचा एक कडू धडा देशास स्वातंत्र्यानंतर लगेच मिळाला. १९४८ सालीं सैन्याला जीपगाड्यांची निकड होती. लंडनमधील भारतीय उच्चायुक्तालयामार्फत दुरुस्त केलेल्या जुन्या गाड्यांचा करार करण्यांत आला. त्यांपैकीं १५५ गाड्या भारतांत पोंचल्या, आणि त्या कामास निरुपयोगी आहेत असें सैन्याला आढळून आलें. संसदेंत या प्रकरणाची बरीच चर्चा झाली. १९५५ सालीं सरकारनें तें मिटल्याचें जाहीर केलें. राजकारणाचा भाग सोडून दिला तरी एक गोष्ट उरते. 'दुरुस्त केलेली' हा शब्द फार लवचीक आहे. रंग दिला म्हणजे दुरुस्ती होत नाहीं, आणि नांवाची पाटी लावली म्हणजे इतिहास होत नाहीं.

जाणकार मनुष्य म्हणूनच रंगाकडे शेवटीं पाहतो. तो वांकून पुढच्या बंपरमागें पाहतो. रेडिएटरखालीं चासीचा आडवा दांडा नळीसारखा गोल असेल तर चासी विलिसची, आणि तो चौकोनी पन्हळीसारखा असेल तर फोर्डची. फोर्डच्या गाडीवर लहानमोठ्या भागांच्या पाठीवर, बोल्टांच्या माथ्यावरसुद्धां, इंग्रजी 'एफ' अक्षर उठविलेलें असतें. ज्या गाड्या वर्षानुवर्षें वापरांत राहिल्या, त्यांत दोन्हींची सरमिसळ होते, कारण मेस्त्रीला मिळेल तो भाग बसवून गाडी चालती करावयाची असते. खुद्द युद्धांतहि तसेंच होई. भाग एकमेकींना बसावेत म्हणूनच तर दोन्ही कंपन्यांना एक नमुना नेमून दिला होता.

येथें मूळ वादाला तोंड फुटतें. एक पक्ष असा कीं, गाडी पूर्ववत् करावयाची म्हणजे ती १९४३ सालीं कारखान्यांतून जशी बाहेर पडली तशी करावयाची. रंग तोच, सहा व्होल्टांची बॅटरी तीच, बोल्टसुद्धां त्याच जातीचे. या पक्षाची शिस्त आदरणीय आहे. ती नसती तर खरें व बनावट यांतील भेद सांगणारें कोणी उरलें नसतें. परंतु दुसऱ्या बाजूसहि म्हणावयास पुष्कळ आहे. महाराष्ट्रांतील जुनी जीप युद्धांत दोनतीन वर्षें असली, तर शेतांत, कंत्राटदाराकडे आणि वाहतुकींत चाळीस वर्षें होती. पेट्रोल परवडेना म्हणून तिच्यांत डिझेलचें इंजिन बसलें. माणसें जास्त बसावींत म्हणून तिची पाठ लांबविली. पावसासाठीं तिला टप झाला, दारें झालीं, मागें पायरी झाली. हे बदल अज्ञानानें झाले नाहींत, गरजेनें झाले. किंबहुना ते झाले नसते, तर तिची चासी केव्हांच भंगारांत वितळली असती. बदलली म्हणून ती वांचली, आणि आतां बदलली म्हणूनच तिला खोटी म्हणावयाचें, हा न्याय कांहींसा विचित्र आहे.

कायद्याचा कौल मात्र पहिल्या पक्षाकडे आहे. जुलै २०२१ मध्यें केंद्र सरकारनें मोटार वाहन नियमांत जी सुधारणा केली, तिच्यान्वयें पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षें उलटलेल्या दुचाकी व चारचाकी गाड्यांची स्वतंत्र नोंदणी करतां येते आणि त्यांच्या क्रमांकांत 'व्ही ए' हीं अक्षरें येतात. नव्या नोंदणीचें शुल्क वीस हजार रुपये. परंतु अट अशी कीं, गाडी मूळ स्वरूपांत असावी. चासी, सांगाडा आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. अशी गाडी रोजच्या वापरांत किंवा धंद्यांत आणतां येत नाहीं. प्रदर्शन, संशोधन, जुन्या गाड्यांची फेरी, दुरुस्ती आणि इंधन भरणें एवढ्याच कारणांसाठीं ती रस्त्यावर यावी. डिझेल इंजिनाची जीप या व्याख्येंत बसविणें कठीण. दुसरी अडचण रंगाची. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२१ व्या नियमाप्रमाणें सैनिकी हिरवा रंग, ज्याला ऑलिव्ह ग्रीन म्हणतात, तो संरक्षण खात्याच्या गाड्यांखेरीज कोणत्याहि गाडीस देतां येत नाहीं. म्हणजे जी गाडी मूळची त्याच रंगाची, तिला खाजगी मालकानें तोच रंग द्यावयाचा म्हटलें तर नियम आडवा येतो. आपण खरोखरच सैनिक आहों असें लोकांना भासविण्याच्या हेतूनें सैनिकाचा वेष करणें हाहि गुन्हा आहे. हे निर्बंध जाचक वाटले तरी त्यांमागचें कारण उघड आहे. छावणीच्या गांवांत तर तें अधिकच उघड आहे. मेळा भरविणारांनीं परवानगी आधीं आणि हौस मागाहून, हाच क्रम ठेवला पाहिजे.

गाडी मेळ्यास नेणें हेंहि सोपें काम नव्हे. मुंबईहून निघालेली जुनी जीप कसाऱ्याचा घाट चढतां चढतां तापते. गॅरेजांत गोड बोलणारें इंजिन तेथें आपला खरा स्वभाव प्रकट करतें. शहाणा मालक तिला लांबच्या प्रवासास मोठ्या ट्रकावर घालून आणतो आणि मैदानाच्या अलीकडे खालीं उतरवितो. आजच्या पेट्रोलमध्यें वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें, आणि तें युद्धकाळच्या रबरास मानवत नाहीं. नळ्या फुगतात, पंपाचा पडदा विरतो, आणि टाकी चालकाच्या बैठकीखालीं असल्यामुळें गळती ही केवळ खर्चाची बाब राहत नाहीं. म्हणून नळ्या नव्या, इथेनॉल सोसणाऱ्या घालाव्या लागतात. येथें पूर्ववत् करण्याचा हट्ट सोडावाच लागतो. आणि कडवा शुद्धतावादीहि तो निमूटपणें सोडतो.

यावरूनच मार्ग सुचतो. प्रत्येक गाडी कोणत्या तरी एका सालाची असलीच पाहिजे असें नाहीं; तिचें प्रत्येक साल खरें सांगितलें गेलें म्हणजे झालें. गाडीपुढें फलक असावा आणि त्यावर लिहावें कीं, चासी फोर्डची, बॉनेट विलिसचें, इंजिन बदलून डिझेलचें बसविलें, लिलावांत घेतली तेव्हां तिच्यावर कोणता क्रमांक होता, टप कोणत्या गांवच्या लोहारानें केला, आणि कोणता भाग परवां नवा घातला. ज्याची गाडी कारखान्यांतून निघाली तशी आहे, त्यानेंहि आपल्या मेहनतीचा हिशेब असाच मांडावा. शेजारीं मुंबईंत सुट्या भागांतून जोडलेली पहिल्या काळची विलिस जीप उभी असावी, आणि तिच्या पलीकडे नाशिकच्याच कारखान्यांतून निघालेली आजची थार. एका रांगेंत ऐंशीं वर्षें उभीं राहिलीं म्हणजे शाळेंतल्या मुलालाहि सांगावें लागणार नाहीं कीं, युद्धाची वस्तु संसाराची कशी होते.

परंतु नाशिकच्या मेळ्यानें एवढ्यावर थांबूं नये. युद्धाची गाडी युद्धावांचून दाखविली, तर उरते ती जत्रा. पंचवीस पौंडी तोफ आणि तिला ओढणारा बसका चौकोनी ट्रक हें तोफखान्याचें जुनें जोडपें. त्या तोफेचा गोळा सुमारें अकरा किलो वजनाचा आणि तिचा पल्ला बारा किलोमीटरांपर्यंत. तो गोळा, अर्थात् दारूविरहित, मुलांना उचलून पाहूं द्यावा. आणि अशीच उचल दिवसभर केली म्हणजे पाठीचें काय होत असेल, हें त्यांनाच विचारावें. स्ट्रेचरवर दगडांचें पोतें ठेवून तें चौघांनीं ढेकळांतून वाहून न्यावें. जीपवर स्ट्रेचर बांधणें म्हणजे केवढा दिलासा होता, हें त्यानंतर निराळें सांगावें लागत नाहीं.

जेथें जीपहि पोंचत नाहीं, तेथें काय होतें, याची साक्ष याच मुलखांतील एका माणसानें दिली आहे. नाशिक जिल्ह्यास लागून असलेल्या संगमनेर तालुक्यांतील निमज गांवचे नामदेव जाधव हे मराठा पलटणींत शिपाई होते. ९ एप्रिल १९४५ रोजीं इटलींत सेनिओ नदीच्या काठीं त्यांच्या तुकडीवर मशीनगनांचा मारा झाला. त्यांनीं एका जखमी सोबत्याला खोल पाण्यांतून आणि सुरुंगांच्या पट्ट्यांतून पाठीवर सुरक्षित जागीं नेलें, परत येऊन दुसऱ्याला नेलें, आणि मग शत्रूचे मोर्चे एकट्यानें बंद पाडले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. अशा माणसाची हकीकत जीपशेजारीं असली पाहिजे, कारण यंत्राची मर्यादा कोठें संपते हें तीच सांगते.

आणि देवळालीची स्वतःची एक गोष्ट आहे, जिच्यांत शौर्य नाहीं, परंतु सत्य आहे. नोकरीची मुदत संपलेले गोरे सोल्जर मायदेशीं जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत तेथें राहत. जहाजें हिवाळ्यांत सुटत. ज्याची मुदत उन्हाळ्याच्या तोंडावर संपे, त्याला महिनोन् महिने काम नाहीं, घर नाहीं आणि ऊन मात्र भरपूर. कित्येकांचीं डोकीं त्या रिकामपणानें फिरलीं. देवळाली या नांवापासूनच 'डूलॅली' हा वेड लागल्याचा अर्थ असलेला शब्द इंग्रजींत रूढ झाला. लढाईंत न मरतांहि युद्ध माणसाला कसें खातें, हें सांगणारा शब्द जगाला नाशिकच्या शिवारानें दिला, ही गोष्ट मेळ्यांतील एखाद्या रिकाम्या तंबूंत, एका लोखंडी खाटेजवळ, साध्या अक्षरांत लिहून ठेवण्यासारखी आहे.

असा मेळा भरला तर तो सैन्याचा गौरव करील आणि युद्धाची हौस मात्र वाढविणार नाहीं. ज्या गाडीला सैन्यानें ४९ दिवसांत जन्म दिला, तिला शेतकऱ्यांनीं, चालकांनीं आणि मेस्त्र्यांनीं त्याच्या कित्येक पट काळ जगविलें. त्यांतील पुष्कळांचीं नांवें कोणत्याहि फलकावर नाहींत. ज्यांनीं ती रात्रीबेरात्रीं दुरुस्त केली, असे वृद्ध मेस्त्री अजून नाशिकच्या आणि आसपासच्या तालुक्यांच्या गॅरेजांत भेटतात. चासीवरचा क्रमांक आणखी शंभर वर्षें वाचतां येईल. परंतु ती गाडी त्यांनीं कशी चालती ठेवली हें त्यांच्याच तोंडून ऐकण्याची संधि तितकीं वर्षें थांबणार नाहीं. तेव्हां गाडी रंगविण्यापूर्वीं त्यांच्यापाशीं बसून तिची हकीकत लिहून घेणें, हें पूर्ववत् करण्याच्या कामांतील पहिलें काम समजावें.